सत्तेचाळिसाव्या भागाची वाटणी

प्रथम एक तक्रार नोंदवतो, म्हणजे पुढचे शांतपणे लिहिता येईल. 'ध्रुवपार' या दूरचित्रवाणी मालिकेतील 'अगस्ती' नामक अवकाशयानाचा मुख्य दरवाजा पहिली तीन पर्वे डावीकडे सरकत असे. चौथ्या पर्वापासून तो उजवीकडे सरकतो. यान तेच, कप्तान तोच, मधल्या काळात सुतार-लोहार कोणी येऊन गेल्याचे दाखवलेले नाही. मी निर्मात्यांना याबाबत वेळोवेळी पत्रे लिहिली. एकाचे उत्तर आले. त्यात कप्तानाचा सही केलेला फोटो होता, आणि त्या फोटोत दरवाजा उघडाच होता. अशा परिस्थितीत माणसाने सुबुद्ध राहणे ही एक कामगिरीच आहे. ती मी पार पाडली आहे असे जाहीर करून हे मृत्युपत्र लिहावयास घेतो.

मी, खाली सही करणारा नवनीत भिला चौधरी, वय वर्षे चोपन्न, धंदा वार्ताहर, राहणार शहादा, जिल्हा नंदुरबार, हे सर्व स्वतःच्या मनाने व स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. पत्नी चेतना शेजारच्या खोलीत आहे आणि अधूनमधून "झालं का?" असे विचारते, त्याला कायद्यात दडपण म्हणत नाहीत, असे वकील चुनीलालभाईंनी सांगितले आहे. स्मरणशक्ती शाबूत आहे. 'ध्रुवपार'च्या सहा पर्वांत कोण कोणास केव्हा काय म्हणाले हे मी आजही सांगू शकतो, एक भाग सोडून. तो भाग मी पाहिलेला नाही.

निमित्त असे की येत्या गुरुवारी सुरतेच्या एका दवाखान्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, हल्ली ही गोष्ट किरकोळ झाली आहे. किरकोळ गोष्टीसाठी इतक्या कागदांवर सह्या कशाला, असे मी विचारले तेव्हा त्यांनी आणखी एक कागद पुढे केला. घरात हे सर्वांना ठाऊक आहे. फक्त माझी आई भिकुबाई, वय एकोणऐंशी, हिला सांगितलेले नाही. तिला काय सांगितले आहे ते शेवटच्या कलमात येईल. तिथपर्यंत पोचायला मला थोडा धीर लागणार आहे, म्हणून आधी घर, शेत वगैरे सोप्या गोष्टी उरकतो.

मृत्युपत्रात विनोद करू नये, कोर्टात त्याचे भलते अर्थ निघतात, असा चुनीलालभाईंचा सल्ला आहे. मी म्हटले, भाई, मी तापीकाठच्या प्रकाशा गावच्या पाठशाळेत संस्कृत शिकलेला माणूस. आमच्याकडे एका ओळीवर सात टीका असतात, सातही टीकाकार एकमेकांना अडाणी म्हणतात, तरी ग्रंथ टिकतो. ते म्हणाले, "ग्रंथ टिकतो हो चौधरीजी, मालमत्ता टिकत नाही." वाक्य आवडले म्हणून येथे घेतले. बाकी सल्ला जमेल तेवढा पाळतो.

कलम १. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक म्हणून मी माझे मित्र योहान रत्ना गावित, सेवानिवृत्त पशुधन पर्यवेक्षक, राहणार नवापूर, यांची नेमणूक करतो. ऐन उमेदीत ते धडगावच्या जनावरांच्या दवाखान्यात होते आणि मी सातपुड्याच्या बातम्या गोळा करत हिंडत होतो. धडगावहून खाली उतरणाऱ्या जीपमध्ये, जिथे एकाच्या मांडीवर दुसरा बसतो आणि दुसऱ्याच्या मांडीवर कोंबडी, तिथे आमची ओळख झाली. ओळख म्हणजे काय, घाटाच्या तिसऱ्या वळणावर त्यांनी मला विचारले, "तुम्ही पेपरवाले ना? मग सांगा, कप्तान पहिल्या पर्वात म्हणाला मला भावंड नाही, आणि परवा त्याचा जुळा भाऊ कुठून आला?" त्या दिवसापासून आम्ही अरे-तुरेवर आलो. तो मला शास्त्री म्हणतो. मी त्याला योहान म्हणतो, कारण तोडीस तोड नाव अजून सुचलेले नाही.

आमच्यात मूलभूत मतभेद आहे. दोन वचने एकमेकांविरुद्ध दिसली तर दोन्ही खरी ठरतील असा अर्थ शोधायचा, ग्रंथाला खोटे म्हणायचे नाही, याला आमच्या शास्त्रात एकवाक्यता म्हणतात. मी 'ध्रुवपार'ला हेच लावतो. कप्तानाला भाऊ असून नव्हता, कारण त्या वेळी दोघांचे बोलणे बंद होते. असा भाऊ नसल्यातच जमा असतो. हा अर्थ लावायला मला तीन आठवडे लागले आणि खानदेशात तो कोणालाही पटवावा लागला नाही. योहानचे मत वेगळे. दरवाजाच्या प्रकरणात तो एवढेच म्हणाला, "शास्त्री, गाय आज डाव्या कुशीवर बसते, उद्या उजव्या. तू गायीला पत्र लिहितोस का?"

कलम २. शहाद्याचे राहते घर, त्यातील भांडीकुंडी, कपाटे व छतावरील पाण्याच्या टाकीसह, पत्नी चेतना हिला तिच्या हयातीपर्यंत आणि तिच्यानंतर मुलगी स्वप्नाली हिला द्यावे. चेतनेने वरचे पान वाचून एक दुरुस्ती सुचवली आहे, ती प्रामाणिकपणे नोंदवतो. ती म्हणते, आपल्या घराचे पुढचे दार आधी आत उघडायचे, मग वास्तू बघणारा आला आणि तेव्हापासून बाहेर उघडते, "त्याचा खुलासा तुम्ही कोणाला केलात? गल्लीतल्या लोकांनी पत्रं लिहायची होती का?" चेतना जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, तिला पाठ तपासायची सवय आहे. तिने तीस वर्षे 'ध्रुवपार' माझ्याशेजारी बसून पाहिली, म्हणजे स्वेटर विणत पाहिली, आणि त्यातल्या एकाही माणसाचे नाव तिला येत नाही. मात्र तिचे स्वेटर सगळे संपूर्ण आणि सुसंगत आहेत. ते ज्याचे त्याला जावेत.

कलम ३. बँकेतील ठेवी व विमा चेतनेच्या नावे. यात सांगण्यासारखे काही नाही, हेच त्यातले सांगण्यासारखे.

कलम ४. तापीकाठचे वडिलोपार्जित शेत, सध्या पपई, चेतना व स्वप्नाली यांना निम्मे-निम्मे. स्वप्नाली पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे, ती पपई विकायला येणार नाही, हे मला कळते. तरी वर्षातून एकदा बांधावर उभे राहून फोटो काढावा. त्या निमित्ताने बांधावरच्या शेजाऱ्याला लक्षात राहील की या बाजूलाही माणसे आहेत. त्याचा बांध दर पावसाळ्यानंतर वीतभर आमच्या बाजूला आलेला असतो.

स्वप्नालीबद्दल अधिक. 'ध्रुवपार'चे सहावे पर्व आता मोबाइलवर येते आणि त्यात कप्तान पुन्हा तरुण, अविवाहित आणि दाक्षिणात्य आहे. मी वैतागलो तेव्हा तिने मला फोनवर समजावले, "पप्पा, हे त्याच्या पुढचं नाहीये. हे वेगळं विश्व आहे. तिथे सगळं परत पहिल्यापासून घडतं, थोडं वेगळं." मी रात्रभर विचार करून सकाळी तिला कळवले की याला आमच्याकडे शाखाभेद म्हणतात, एकाच वेदाच्या दोन शाखांत मंत्र वेगळे असतात आणि दोन्ही प्रमाण असतात. ती म्हणाली, "हां, तेच." जन्मात पहिल्यांदा आम्हा दोघांचे एखाद्या शास्त्रावर एकमत झाले. माझी संस्कृत पुस्तके म्हणून तिला द्यावीत. ती वाचणार नाही, पण फेकणारही नाही. बांधावरच्या शेजाऱ्याला मात्र शाखाभेदाची सवलत लागू नाही.

कलम ५. 'ध्रुवपार'च्या पहिल्या तीन पर्वांच्या व्हिडिओ कॅसेटी, त्या चालवणारे यंत्र आणि ते यंत्र चालू करताना मारावी लागणारी थाप, हे सर्व योहानला. त्यात दुसऱ्या पर्वाचा सत्तेचाळिसावा भाग नाही. कोणाला वाटेल हरवला, हरवलेला नाही. तो भाग ज्या गुरुवारी लागला त्या संध्याकाळी आमच्या सबंध तालुक्यात वीज नव्हती. बाकी देशाने तो पाहिला. वाहिनीने पुढे जुन्या फिती पुसून त्यांवर पाककृतींचे कार्यक्रम भरले, आणि आता मोबाइलवर शेहेचाळीसनंतर थेट अठ्ठेचाळीस येतो.

हा भाग महत्त्वाचा का, ते माहीत नसलेल्यांसाठी सांगतो. यानाची दिशा पाहणारी तारिणी नावाची तरुण बाई होती. शेहेचाळिसाव्या भागात यानाला भोक पडते. सर्वांना आत घेऊन दरवाजा बाहेरूनच बंद करावा लागतो. ती तो बंद करते, आणि बाहेर राहते. दरवाजा डावीकडे सरकतो, काचेपलीकडे तिचा चेहरा दिसतो, मग दिसत नाही.

तेव्हा आम्ही गावच्या घरी राहत होतो आणि आई दर गुरुवारी पुढच्या रांगेत बसे. मालिका हिंदीत. आईला हिंदी येत नाही. तिला अहिराणी येते आणि माणसांचे चेहरे कळतात, एवढ्यावर तिने दोन पर्वे पाहिली होती. तारिणीला ती तारी म्हणायची, मन्ही तारी. त्या गुरुवारी भाग संपला तशी ती उठली, मोरीत गेली आणि डोक्यावरून पाणी घेतले. नात्यातले माणूस गेल्याचा निरोप आला की आमच्याकडे असे पाणी घेतात. गल्लीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आईने त्या दिवशी चूल पेटवली नाही, म्हणून मीही हसलो नाही.

पुढच्या गुरुवारी वीज नव्हती. त्याच्या पुढच्या गुरुवारी, म्हणजे अठ्ठेचाळिसाव्या भागात, तारिणी तिच्या खुर्चीवर बसलेली आणि कप्तानाला विचारते आहे, कोणत्या ताऱ्याकडे वळवू. कोणी दचकत नाही. कोणी म्हणत नाही, अगं तू कशी. मी ताडकन उठलो. हे अशक्य आहे, विसंगत आहे, प्रेक्षकांना मूर्ख समजतात, असे बरेच बोललो. आई खुर्चीतल्या तारीकडे बघत होती. ती म्हणाली,

"आंडेर घर उनी ना, बापू? मंग तिले कसाले इचारी ऱ्हायना, कशी उनी म्हनीसन?"

आणि गल्लीत साखर वाटायला गेली. मुलगी घरी आली आहे ना, मग कशी आली हे तिला कशाला विचारायचे. एवढाच याचा अर्थ. मी त्याच आठवड्यात निर्मात्यांना पहिले पत्र टाकले.

पण आईच्या मनाला एक गोष्ट लागली. जिवंत मुलीच्या नावाने आपण पाणी घेतले, याने तिचे आयुष्य कमी होणार, असे तिला वाटले. तिने घरात जाहीर केले, "काचना मांगे काय बी दखाडतस. आते हात लायाबिगर कोनाच नावनं पानी लेसू नही." काचेमागे काहीही दाखवतात, हात लावल्याशिवाय यापुढे कोणाच्याही नावाने पाणी घेणार नाही. आम्ही समजलो, चार दिवसांची गोष्ट. तसे नव्हते. काही वर्षांनी खापर गावचा तिचा सख्खा भाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा ती जागची हलली नाही. सर्व बाया मोरीपाशी उभ्या, आणि ही बाजेवर बसून. म्हणाली, मला तिथे न्या. आम्ही जीप केली. खापरला तिने भावाच्या कपाळावर, मग छातीवर, मग पायाच्या अंगठ्यावर हात ठेवला, आणि मगच पाणी मागितले.

कलम ६. सत्तेचाळिसावा भाग आमच्या ओळखीत एकाच माणसाने पाहिला आहे, तो योहान. त्या गुरुवारी तो सीमेपलीकडे गुजरातेत त्याची बहीण ग्रेसी हिच्या घरी जेवायला गेला होता. तिकडे वीज होती. नवापूरकरांना याचे आश्चर्य वाटत नाही. त्यांच्या स्टेशनावर अर्धा बाक एका राज्यात असतो आणि अर्धा दुसऱ्या. तर या एकमेव साक्षीदाराने मला तो भाग आजवर तीनदा सांगितला आहे, आणि तिन्ही वेळा वेगळा.

पहिल्यांदा, तारिणी मेलीच नव्हती. यानाच्या पोटात थंड खोली असते, तिथे ती सरपटत पोचली आणि डॉक्टरने तिची नाडी ओळखली. हे ऐकून मी आईला सांगितले, आई म्हणाली, मी तर आधीच साखर वाटली.

दुसऱ्यांदा, आम्ही तोरणमाळला रस्त्याच्या उद्घाटनाची बातमी करायला गेलो होतो. मंत्री यायला उशीर झाला आणि आम्ही तळ्याकाठी बसलो. तेव्हा योहान म्हणाला, खरी तारिणी गेली. परत आली ती दुसऱ्या ताऱ्यावरची, तिच्यासारखी दिसणारी. कप्तानाला ते माहीत आहे, पण तो बोलत नाही. मी विचारले, मग नाडीचे काय? तो म्हणाला, नाडी हिचीही होती की.

तिसऱ्यांदा, त्याची पत्नी लिडिया गेली त्या वर्षी. नवापूरच्या कब्रस्तानातून आम्ही पायी परतत होतो आणि मी काहीही विचारले नव्हते. तो आपणहून म्हणाला, "शास्त्री, त्या भागात काहीच होत नाही. नुसती तिची खुर्ची दाखवतात. अर्धा तास. रिकामी." मी तोवर पहिल्या दोन पाठांची एकवाक्यता जवळजवळ जमवत आणली होती. हा तिसरा पाठ त्यात कुठेच बसत नाही. तो मी प्रक्षिप्त म्हणूनही काढला नाही. तसाच ठेवला आहे.

चालू महिन्यात मी त्याला व्यवस्थापक होण्याबद्दल विचारायला नवापूरला गेलो. त्याने चहा केला, दोन बशांत ओतला. मग म्हणाला, "सत्तेचाळिसाव्यात खरं काय झालं, ते तुला अजून सांगितलंच नाही मी."

"मग तीनदा काय सांगितलंस?"

"ते तेव्हाचं होतं. सुरतेहून ये, मग सांगतो."

"ही लाच झाली."

"जनावराला कडू पाजायचं असलं की आम्ही आधी गूळ दाखवतो," असे म्हणून त्याने माझ्या बशीत आणखी चहा ओतला, जो मला वर्ज्य आहे.

तरी या कलमान्वये असे ठरवतो: सत्तेचाळिसाव्या भागावरचा माझा सर्व हक्क, म्हणजे तो ऐकण्याचा हक्क, मी परत न आल्यास स्वप्नालीकडे जावा. योहानने तिला चौथा पाठ सांगावा. तिने तो ऐकून घ्यावा आणि आधीचे तीन काढू नयेत.

कलम ७. जुने हिशेब. मुख्य कार्यालयातील ज्या उपसंपादकाने एकदा वाढदिवसाचा आणि शोकवार्तेचा फोटो अदलाबदल करून छापला, त्याला मी माफ केले आहे. ज्यांना आम्ही हयातीतच शोकवार्तेत छापले, ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आले. मी घाबरलो. त्यांना अंकाच्या दहा प्रती हव्या होत्या, नातेवाइकांत वाटायला. माझ्या बाबतीत मात्र फोटो तपासून घ्यावा, चष्म्याचा घ्यावा. आणि 'अल्पशा आजाराने' असे लिहू नये. तीस वर्षे मी हे शब्द लिहिले, वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्यांसाठी लिहिले, अपघातात गेलेल्यासाठीही एकदा चुकून लिहिले. निदान एका बातमीत तरी खरे असावे. माझा आजार पुरेसा मोठा आहे.

'ध्रुवपार'च्या निर्मात्यांवर माझा राग नाही. त्यांना माझ्या पत्रांमुळे मनस्ताप झाला असल्यास त्यांनी तो दाखवलेला नाही.

कलम ८. काही वर्षांपूर्वी मी देहदानाचा संकल्प केला होता आणि त्यावर तीन स्तंभांचा लेखही लिहिला होता. लेखाचे कौतुक झाले. धडगावचे आमचे पेपर एजंट रेवजी यांनी तो दुकानात चिकटवला. तो संकल्प मी या कलमाने रद्द करतो. लेखातले प्रत्येक वाक्य मला आजही मान्य आहे. हे माझ्याच लेखाशी विसंगत आहे, याची मला जाणीव आहे. एकवाक्यता लावू नये. कारण पुढच्या कलमात आहे.

कलम ९. आईबद्दल.

आईला शस्त्रक्रिया सांगायची नाही, असे आम्ही सर्वांनी ठरवले. काय सांगायचे ते मात्र ठरवायचे राहून गेले. मी तिला सांगितले, सुरतेला डोळे तपासायला जातो. चेतनेने सांगितले, भाचीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला. स्वप्नालीने पुण्याहून फोनवर सांगितले, पेपरचे प्रशिक्षण आहे. योहान तिला भेटायला आला आणि तिने विचारण्याआधीच म्हणाला, शास्त्री नवा टीव्ही आणायला चाललाय. एका आठवड्यात एका घराने चार पाठ तयार केले; 'ध्रुवपार'ला इतके करायला दोन पर्वे लागली असती.

परवा मी तिच्याजवळ बसलो होतो. ती शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "साड्या लेवाले जाई ऱ्हायना का टीव्ही?"

मी म्हटले, दोन्ही.

"आनि डोयास्नं काय?"

मी म्हटले, तेही. किती दिवस लागतील विचारले, तेव्हा मी दहा-बारा म्हणालो. तिने सोललेले दाणे एका बाजूला केले, टरफले दुसऱ्या बाजूला. मग म्हणाली, "तू घर ये म्हंजे झायं. काय लई उना, ते मी इचारसू नही."

तू घरी ये म्हणजे झाले. काय घेऊन आलास ते मी विचारणार नाही.

म्हणून व्यवस्थापकास पुढील सूचना देतो, आणि बाकी सर्व कलमे मोडली तरी चालतील, हे मोडू नये. गुरुवारी काही विपरीत झाले तर आईला योहाननेच सांगावे. एकच सांगावे. थंड खोली नको, नाडी नको, दुसऱ्या ताऱ्यावरचे कोणी नको. त्याला मराठी आणि अहिराणी दोन्ही येतात, त्यातल्या तिच्या भाषेत, साध्या तीन शब्दांत. मला सुरतेहून घरी आणावे. हल्ली काचेच्या झाकणाची गार पेटी मिळते, ती घेऊ नये. घ्यावीच लागली तर गावाच्या वेशीवर काढून टाकावी. काचेमागचे ती मानत नाही. मला तिच्या बाजेवर ठेवावे आणि तिला हवे तितका वेळ, हवे तिथे हात लावू द्यावा. कोणी घाई करू नये. गुरुजी आले असतील तर त्यांना चहा द्यावा.

मी धडधाकट परत आलो तर कलम ८ पुन्हा पूर्ववत करण्याचा अधिकार राखून ठेवतो. आणि मी कसा परत आलो, हे मला कोणी विचारू नये.

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहून वाचून पाहिले, मजकूर माझ्या इच्छेप्रमाणे आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. पुढे दुसरे केल्यास दोहोंत मेळ बसवण्याची जबाबदारी माझी.

सही: नवनीत भिला चौधरी

साक्षीदार, ज्यांनी माझ्या देखत व मी त्यांच्या देखत सही केली:

१. चुनीलाल मगनलाल शाह, वकील, शहादा. (विनोदांशी संबंध नाही, असे लिहून सही केली आहे.)

२. रेवजी जान्या पावरा, पेपर एजंट, धडगाव. (लेख दुकानातून काढायचा का, असे विचारतात. राहू द्यावा.)

योहान गावित यांना या मृत्युपत्रात कॅसेटी मिळत असल्याने त्यांनी साक्षीदार होऊ नये, असे वकिलांचे मत पडले. साक्षीदार म्हणून त्यांचा आजवरचा अनुभव पाहता मीही आग्रह धरला नाही.

स्थळ: शहादा. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार.

सह्यांच्या खाली लिहिलेल्या मजकुराला कायद्यात किंमत नसते, असे चुनीलालभाई म्हणाले. म्हणून हे इथे लिहितो.

मरणाची मला भीती वाटते, सर्वांना वाटते तेवढीच. काळजी वेगळी आहे. आई माझ्या कपाळावर हात ठेवील, छातीवर ठेवील, अंगठ्यावर ठेवील. अंग गार लागेल. तरी ती मोरीकडे जाणार नाही. म्हणेल, तारीच्या वेळी मी घाई केली होती, येत्या गुरुवारपर्यंत थांबू. आणि दर गुरुवारी दारासमोर बाज टाकून बसेल. तिला कोणी काय सांगायचे, ते मी वर लिहिले आहे. तिला त्या बाजेवरून कसे उठवायचे, ते मला सुचलेले नाही.